सी००००००५ दिसला म्हणून रॅम बदलायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी सिव्हिल ड्रॉइंगची कामं करतो. गेल्या तीन आठवड्यांत ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर चालू कामात अकरा वेळा बंद पडलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, बहुतेक वेळा सी००००००५ हा कोड दिसतो, दोनदा सी०००००१डी दिसला. एकदा ब्लू स्क्रीनच आली, तिच्यावर 'अनएक्स्पेक्टेड कर्नल मोड ट्रॅप' असं होतं. दुरुस्तीवाला म्हणतो रॅम गेली, नवी घ्या. ओळखीचा एक जण म्हणतो फॉरमॅट मारून विंडोज परत टाक. या कोडांचा अर्थ काय, आणि मी कुणाचं ऐकू?"

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. कोडाचा अर्थ कुठल्याही तक्त्यात मिनिटभरात सापडतो. तुम्हाला खरं तर हे हवंय की पैसे आणि वेळ कुठे घालायचा: रॅमवर, विंडोजवर की सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांशी बोलण्यात. त्याचं उत्तर एकट्या कोडात नसतं. मी वीसेक वर्षं ड्रायव्हर (यंत्राचे भाग विंडोजशी जोडणारी सॉफ्टवेअरं) आणि यंत्रांची सॉफ्टवेअरं दुरुस्त करतोय आणि अजूनही नुसता कोड बघून कुणालाही "रॅम बदला" असं सांगत नाही. कोड हा पंचनामा असतो. काय घडलं, कुठे घडलं, हे तो अगदी काटेकोर सांगतो. कुणी केलं, हे त्यात लिहिलेलं नसतं.

आधी पंचनामा करणारा कोण, ते बघू. प्रोसेसर एकामागून एक सूचना पाळत जातो. एखादी सूचना पाळणं शक्यच नसेल तर तो थांबतो, कुठल्या सूचनेवर थांबला तो पत्ता बाजूला नोंदवतो आणि एका ठरलेल्या क्रमांकाने ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारतो. या हाकेला एक्सेप्शन म्हणतात. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरमध्ये असे एकूण २५६ क्रमांक आहेत आणि त्यातले पहिले ३२, म्हणजे ० ते ३१, प्रोसेसरने स्वतःसाठी राखून ठेवलेत. भागाकार करता आला नाही तर ०. सूचनाच ओळखता आली नाही तर ६. मेमरीचं पान, म्हणजे तिचा ठरावीक आकाराचा तुकडा, जागेवर नाही किंवा त्याला हात लावायची परवानगी नाही, तर १४. १९७८च्या ८०८६ मध्येही भागाकाराच्या चुकीचा क्रमांक ० च होता, तो आजही तोच आहे.

एक्सेप्शन आलं म्हणजे बिघाड झाला, असं मात्र समजू नका. क्रमांक १४ तर तुमच्या संगणकावर आत्ता, हे वाचत असतानाही सतत येतोय. मोठी फाईल उघडली की विंडोज ती सगळी एकदम रॅममध्ये आणत नाही. प्रोग्राम ज्या पानाला हात लावेल ते पान त्या वेळी आणलं जातं. हात लावला की प्रोसेसर १४ नंबरची हाक देतो, विंडोज ते पान आणून ठेवतं आणि प्रोग्राम अडला होता तिथूनच पुढे निघतो. त्याला काही कळतसुद्धा नाही. गडबड कधी होते? विंडोजने आपलं दप्तर तपासलं आणि हा पत्ता या प्रोग्रामला कधी दिलेलाच नव्हता असं निघालं, तर. मग तेच १४ नंबरचं एक्सेप्शन सी००००००५ होऊन तुमच्यापुढे येतं. कोडाच्या सुरुवातीचा शून्य-एक्स मी इथे गाळतोय. आकडा सोळाच्या पायावर लिहिलाय, एवढंच तो सांगतो.

म्हणजे तुम्हाला दिसणारा कोड दोन हातांतून आलेला असतो: आधी प्रोसेसरचा, मग ऑपरेटिंग सिस्टिमचा. लिनक्सवर हीच घटना 'सेगमेंटेशन फॉल्ट' या नावाने आणि ११ क्रमांकाच्या सिग्नलने दिसते, आणि शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, बघितलं तर १२८ अधिक ११ म्हणून १३९ दिसतं. विंडोजवर प्रोग्रामिंग शिकणारी मुलं −१०७३७४१८१९ हा विचित्र आकडा घेऊन येतात. तो हाच सी००००००५ आहे, फक्त दशमान पद्धतीत आणि ऋण चिन्हासह छापलेला.

विंडोजच्या कोडातलं पहिलं अक्षर आधी बघा. 'सी' असेल तर गंभीर चूक. '८' असेल तर इशारा, जसा ब्रेकपॉइंटचा ८००००००३. 'ई' असेल तर तो कोड बहुतेक वेळा प्रोसेसरकडून आलेलाच नसतो. ई०६डी७३६३ हा नेहमी दिसणारा कोड घ्या. त्यातल्या ६डी, ७३ आणि ६३ या आकड्यांची अक्षरं केली तर एम, एस, सी अशी निघतात. मायक्रोसॉफ्टच्या सी++ कंपायलरची, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरच्या सूचनांत बदलणाऱ्या साधनाची, ती खूण आहे. प्रोग्रामने स्वतःच चूक जाहीर केली आणि ती कुणी झेलली नाही, एवढाच त्याचा अर्थ. रॅमशी त्याचा संबंध जोडण्यात काही हशील नाही. सी००००४०९ आणि सी००००३७४ हे दोन कोड 'सी'ने सुरू होतात, पण तेही याच जातीचे. आपल्या मेमरीची मांडणी बिघडलीय हे प्रोग्रामच्या किंवा विंडोजच्या तपासणीत आढळलं आणि पुढे नुकसान नको म्हणून काम तिथेच थांबवलं. बिघाड त्याच्या बराच आधी झालेला असतो.

आता तुमच्या मुख्य कोडाकडे येतो, सी००००००५. त्याच्याबरोबर आणखी दोन गोष्टी नोंदलेल्या असतात आणि बहुतेक लोक त्यांच्याकडे बघतच नाहीत. एक, प्रोग्राम काय करू पाहत होता: ० म्हणजे वाचत होता, १ म्हणजे लिहीत होता, ८ म्हणजे जिथे नुसती माहिती आहे तिथली सूचना चालवायला गेला होता. दुसरी, कुठल्या पत्त्यावर. हा पत्ता फार बोलका असतो.

पत्ता शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ, समजा १८, असा असेल तर गोष्ट जवळजवळ ठरलेली. प्रोग्रामच्या हातात एखाद्या वस्तूचा पत्ता असायला हवा होता, तिथे रिकामा, म्हणजे शून्य होता. त्या वस्तूच्या सुरुवातीपासून २४ बाइटवरचा भाग वाचायला तो गेला, कारण सोळाच्या पायावरचा १८ म्हणजे आपला २४. विंडोज सुरुवातीची ६४ केबी जागा मुद्दाम कुणालाच वापरू देत नाही, ही चूक लगेच सापडावी म्हणून. असा पत्ता दिसला की मी रॅमचा विचार बाजूला ठेवतो. खराब रॅम इतकी नीटनेटकी चूक वारंवार करत नाही.

पत्त्यात डीडीडीडी किंवा सीडीसीडी अशी एकच जोडी ओळीने येत असेल तर तेही सॉफ्टवेअरचंच. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची डीबग लायब्ररी नुकत्याच घेतलेल्या, अजून न भरलेल्या मेमरीत सीडी भरून ठेवते आणि परत केलेल्या मेमरीत डीडी. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हे सहसा दिसत नाही, पण स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्याने या खुणा पाठ करून ठेवाव्यात.

एका पत्त्याने मात्र मला स्वतःला सुरुवातीच्या वर्षांत बरंच फिरवलं: सोळाच्या सोळा जागी एफ. वाटतं की प्रोग्राम मेमरीच्या शेवटच्या टोकाला वाचायला गेला. तसं बहुधा नसतं. नेहमीच्या ६४ बिटांच्या प्रोसेसरवर पत्त्याचे खालचे ४८ बिटच खरे वापरात असतात आणि वरचे सगळे बिट ४८व्या बिटासारखेच असावे लागतात. हा नियम मोडणारा पत्ता आला तर प्रोसेसर १४ नव्हे, १३ नंबरची हाक देतो, आणि १३ बरोबर पत्ता सांगायची सोयच नाही. मग विंडोज त्या रकान्यात सगळे एफ भरतं. लिनक्स निदान सरळ 'जनरल प्रोटेक्शन फॉल्ट' असं वेगळं नाव देतं. तेव्हा सगळे एफ दिसले की त्या पत्त्याच्या मागे लागू नका. पॉइंटरमध्ये, म्हणजे पत्ता साठवलेल्या जागेत, भलताच कचरा होता एवढाच निष्कर्ष काढा. हा कचरा सॉफ्टवेअरने केलेला असू शकतो, आणि रॅममधला एक वरचा बिट उलटला तरी अगदी असंच दिसतं.

सी०००००१डी म्हणजे प्रोसेसरला सूचनाच ओळखता आली नाही, त्याचा क्रमांक ६. याची तीन कारणं मी पाहिलीत. पहिलं, सॉफ्टवेअर नव्या प्रोसेसरसाठी बनवलेलं आणि संगणक जुना. टेन्सरफ्लो या मशीन लर्निंगच्या सॉफ्टवेअरची तयार पॅकेजं २०१८ पासून एव्हीएक्स नावाच्या, जुन्या प्रोसेसरमध्ये नसलेल्या सूचना वापरायला लागली, तेव्हा जुन्या मशीनवर ती सुरू होताक्षणी असाच कोड देऊन बंद व्हायची. तुमचं सॉफ्टवेअर तासन् तास चालतं आणि मध्येच पडतं, म्हणून हे कारण तुमच्याकडे कमी संभवतं, पण एखादी क्वचित वापरली जाणारी आज्ञा त्या सूचनेपर्यंत नेत असेल तर ते पूर्ण सोडूनही देता येत नाही. दुसरं, कंपायलर मुद्दाम एक अशक्य सूचना पेरतो, यूडी२ नावाची. प्रोग्राम कधीच पोहोचू नये अशा जागी पोहोचला तर तिथेच थांबावा म्हणून. तिसरं कारण काळजीचं. प्रोग्राम भरकटून भलत्या जागी गेला, किंवा सूचनेचेच बाइट रॅममध्ये अथवा प्रोसेसरच्या आत बिघडले.

ब्लू स्क्रीनचं थोडक्यात सांगतो. अनएक्स्पेक्टेड कर्नल मोड ट्रॅप हा ७एफ क्रमांकाचा संदेश आहे. त्याचा पहिला पॅरामीटर म्हणजे प्रोसेसरच्या एक्सेप्शनचा क्रमांकच. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १००१ क्रमांकाची 'बगचेक' नोंद उघडा, तिथे तो सापडेल. तो ८ असेल तर डबल फॉल्ट: एका एक्सेप्शनची दखल घेताघेताच दुसरं आलं. कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या, कामाची स्टॅक (तात्पुरत्या नोंदी ठेवायची जागा) फार छोटी असते, ६४ बिटांच्या विंडोजवर २४ केबी. अँटिव्हायरस, बॅकअप, फायली कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर असे ड्रायव्हर एकावर एक रचले गेले की ती संपू शकते. खराब किंवा जोडी न जमणाऱ्या रॅमनेही हेच घडतं. त्यामुळे हा ८ आकडा एकटा काही ठरवत नाही.

हार्डवेअर की सॉफ्टवेअर हे संदेशाच्या नावावरून ठरत नाही, याची दोन मोठी उदाहरणं २०२४ सालातलीच आहेत. १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका फाईलमुळे जगभरातली विंडोज मशीन बंद पडली, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. पडद्यावरचा संदेश होता 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया'. वाचणाऱ्याला वाटेल मेमरी गेली. त्या मशीनच्या रॅमचा यात काहीच दोष नव्हता. ड्रायव्हरला २० माहितीघटक पुरवले गेले होते आणि तो एकविसावा वाचायला गेला. तेच १४ नंबरचं एक्सेप्शन. साध्या प्रोग्राममध्ये घडलं असतं तर तो एक प्रोग्राम बंद झाला असता. कर्नलमध्ये घडलं, म्हणून अख्खी मशीन थांबली.

दुसरं उदाहरण बरोबर उलटं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम आणि फायली उलगडणारी सॉफ्टवेअरं कधी इथे, कधी तिथे पडायची. लोक महिनोन् महिने गेमच्या कंपन्यांना आणि ग्राफिक्स ड्रायव्हरला दोष देत होते. अखेर इंटेलने जास्तीच्या व्होल्टेजमुळे प्रोसेसरच झिजत असल्याचं मान्य केलं, नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्याकडे यांपैकी एखादा प्रोसेसर असेल तर माझ्या पुढच्या सगळ्या सल्ल्याच्या आधी मदरबोर्डच्या कंपनीकडून ताजं बायोस (संगणक सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) घ्या. मात्र झिजलेला प्रोसेसर बायोसने बरा होत नाही, तो वॉरंटीत बदलूनच घ्यावा लागतो.

मग ओळखायचं कसं? माझी पद्धत साधी आहे. एका घटनेकडे बघायचं नाही, सगळ्या घटना शेजारी शेजारी मांडायच्या. तुमच्याकडे अकरा नोंदी आहेत, हे उत्तम. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १००० क्रमांकाची 'ॲप्लिकेशन एरर' नोंद उघडा आणि वहीत प्रत्येकीचे तीन रकाने लिहा: एक्सेप्शन कोड, फॉल्टिंग मॉड्यूलचं, म्हणजे प्रोग्रामच्या ज्या फाईलमध्ये चूक घडली तिचं नाव आणि फॉल्ट ऑफसेट. थेट पत्त्याऐवजी ऑफसेट एवढ्यासाठी, की विंडोज सुरक्षेसाठी मॉड्यूलांच्या जागा बदलत राहतं. पत्ता बदलला तरी मॉड्यूलच्या सुरुवातीपासूनचं अंतर तेच राहतं.

अकरापैकी आठ-नऊ नोंदींत मॉड्यूल आणि ऑफसेट एकच निघाला तर दोष सॉफ्टवेअरकडे आहे, किंवा एका विशिष्ट ड्रॉइंगच्या फाईलमध्ये, प्लगइनमध्ये अथवा ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये. मॉड्यूलचं नाव बघितलं की यातलं काय ते बहुधा कळतं. एका कारखान्यात मोजमापाच्या यंत्राला जोडलेला संगणक असाच पडायचा. मी पोचलो तोवर दोनदा रॅम बदलून झाली होती. सहाच्या सहा नोंदींत ऑफसेट एक, पत्ता १८, क्रिया वाचण्याची. यंत्राची केबल क्षणभर सैल झाली की ड्रायव्हर रिकामं उत्तर द्यायचा आणि प्रोग्राम ते न तपासता वापरायचा. केबलचा क्लॅम्प बदलला, प्रोग्राममध्ये एक तपासणी घातली, काम झालं. रॅमचे पैसे मात्र वाया गेले होते, आणि ती बदलायला सांगणाऱ्याने नोंद एकदाही उघडली नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.

उलट मॉड्यूल दर वेळी वेगळं, ऑफसेट वेगळा, आणि ब्राउझर किंवा झिप उलगडणारं सॉफ्टवेअरही अधूनमधून पडत असेल, तर सॉफ्टवेअरला दोष देणं कठीण. एकमेकांशी संबंध नसलेले चार प्रोग्राम एकाच महिन्यात बिघडत नाहीत. त्यांच्याखाली समाईक असतं ते हार्डवेअर, नाहीतर कर्नलमधला एखादा ड्रायव्हर. फक्त एक सावधगिरी: मॉड्यूल म्हणून एनटीडीएलएल पुन्हा पुन्हा दिसलं तर तो विंडोजचाच भाग बिघडला असं समजू नका. मेमरीची देवाणघेवाण तिथून चालते, म्हणून दुसऱ्याने केलेला घोळ तिथे उघडकीला येतो.

तुमच्या बाबतीत दोन वेगळे कोड आणि वर एक ब्लू स्क्रीन, हे मिश्रण बघता माझा पहिला संशय हार्डवेअरवरच जातो. दुरुस्तीवाला बरोबर असू शकतो. पण खरेदीच्या आधी हे करा. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमचा वेग वाढवायची सोय) चालू असेल तर बंद करा. रॅम पाकिटावर छापलेल्या वेगाने नव्हे, तिच्या मूळ वेगाने चालू दे. अनेकदा रॅम चांगली असते, तिला त्या मदरबोर्डवर तो वेग झेपत नसतो. मग पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ घेऊन रात्रभर चालवा. विंडोजमधली मेमरी चाचणी चालेल, पण ती साफ आली म्हणून मी निर्धास्त होत नाही. एक जरी चूक निघाली तर दोन्ही स्टिक काढून एकेक वेगळी तपासा, मग तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये. चूक स्टिकबरोबर फिरते की स्लॉटला चिकटून राहते, यावर नवी रॅम घ्यायची की मदरबोर्ड बघायचा ते ठरेल. त्याच वेळी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हिआ लॉगर' नावाच्या नोंदी शोधा. स्वतःच्या आतली चूक प्रोसेसर ज्या १८ नंबरच्या एक्सेप्शनने कळवतो, त्याच्या नोंदी तिथे असतात. तशा नोंदी असतील तर रॅमच्या आधी प्रोसेसर, त्याचा कूलर आणि पॉवर सप्लाय बघा.

नोंदींत कुठे सी००००००६ सापडला तर मात्र रॅम सोडा आणि डिस्क तपासा. तो दिसायला सी००००००५ चा भाऊ वाटतो, पण त्याचा अर्थ पान डिस्कवरून किंवा नेटवर्कवरून आणताच आलं नाही असा आहे. ड्रॉइंग थेट पेनड्राइव्हवरून किंवा ऑफिसच्या शेअर्ड फोल्डरमधून उघडत असाल तर तेही कारण असू शकतं.

फॉरमॅट मारायचा सल्ला मी आत्ता मानणार नाही. हार्डवेअर खराब असेल तर नवं विंडोजही त्याच खराब रॅममधून डिस्कवर उतरेल आणि काही फायली टाकतानाच बिघडतील. शिवाय या अकरा नोंदी आणि विंडोजच्या मिनिडंप फोल्डरमधली ब्लू स्क्रीनची फाईल पुसली जाईल. आज तुमच्या हातात पुरावा म्हणून तेवढंच आहे, म्हणून ते फोल्डर आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

रात्रभराच्या चाचणीत एकही चूक आली नाही, एक्सएमपी बंद करूनही सॉफ्टवेअर पडतच राहिलं आणि ऑफसेट तेच तेच येत असतील, तर रॅम विकत घेऊ नका. ते तीन रकाने, सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती आणि जिच्यावर काम करताना ते पडतं ती ड्रॉइंगची फाईल सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे पाठवा. नुसतं "सारखं बंद पडतं" असं कळवलं तर ते तुम्हाला पुन्हा इन्स्टॉल करायला सांगतील. ऑफसेट दिला तर त्यांचा माणूस नेमकी कोडची ओळ उघडून बसू शकतो.